कचऱ्यावाचून अडलेला परवाना

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी साहेब,
खाद्यगृह परवाना शाखा, नागपूर.

अर्जदार : श्रीमती प्रयागबाई शालिकराम भोयर, वय ५४, धंदा खानावळ, राहणार गणेशपेठ, नागपूर.

विषय : खानावळीतून कचरा निघत नसल्यामुळे थांबलेला परवाना मिळणेबाबत.

संदर्भ : (१) आपली नोटीस, दि. ७ फेब्रुवारी १९७७ (कचरा न दाखविल्याबद्दल).
(२) आपली नोटीस, दि. २१ फेब्रुवारी १९७७ (कचरा दाखविल्याबद्दल).

महोदय,

अर्जदार बाईंची हकीकत खाली सविस्तर सादर आहे. बाईंना लिहिता येत नाही. सबब त्यांच्याच पंगतीला नऊ वर्षे जेवणारे निवृत्त कारकून मनोहरराव गजभिये यांनी हा अर्ज लिहिला असून, बाईंनी तो दोनदा वाचवून घेतला आहे.

१. बाई सोळा वर्षांपासून खानावळ चालवितात. कोराडीच्या वीज केंद्रावर जाणारे कामगार, कापडदुकानांतले नोकर, दोन मास्तर व एक कंपाउंडर धरून अडतीस माणसे तेथे दोन्ही वेळ जेवतात. बहात्तरच्या दुष्काळात रेशनच्या मिलो ज्वारीसाठी रांगेत उभे राहिल्यापासून बाईंच्या स्वयंपाकघरातून काहीही फेकले जात नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी होते. कालच्या पोळ्यांचा आज कुस्करा होतो आणि तो भाजीच्या आधी संपतो. साली, देठे व भाताची पेज एका पाटीत जमा होते. हुडकेश्वरहून दूध घेऊन येणाऱ्या गोपिकाबाई ती पाटी आपल्या म्हशींसाठी नेतात. चुलीच्या राखेने भांडी घासतात. ताटात अन्न टाकणाऱ्यास बाई काहीही बोलत नाहीत, फक्त त्या ताटासमोर येऊन उभ्या राहतात. प्रस्तुत लेखनिकाने हा अनुभव एकदा घेतला आहे, दुसऱ्यांदा घेण्याची हिंमत झालेली नाही.

२. यंदा परवान्याचा नमुना बदलला. त्यातील रकाना सात ‘रोज निघणारा कचरा (पाट्यांत)’ असा असून खाली बारीक अक्षरांत ‘हा रकाना निरंक ठेवू नये’ अशी सूचना आहे. बाईंनी ‘निघत नाही’ असे लिहविले. त्यावर निरीक्षक श्री. आनंदराव ढोबळे पाहणीस आले. त्यांनी चुलीमागे, पाण्याच्या टाकीखाली व ज्वारीच्या कोठीत हात घालून पाहिले आणि शेरा मारला, ‘कचरा आढळला नाही. लपविला असावा.’ सात दिवसांत कचरा दाखवावा, नाहीतर परवाना मिळणार नाही, अशी पहिली नोटीस निघाली. दुसऱ्या दिवशी दारासमोर क्रमांक रंगविलेले लोखंडी पिंप आणून ठेवण्यात आले.

येथे लेखनिकाने सुचविले की, म्हशीची पाटी आहेच, ‘एक पाटी’ लिहावे आणि मोकळे व्हावे. त्यावर बाई जे बोलल्या ते जसेच्या तसे देणे भाग आहे : “ज्या म्हशीचं दूध आपन पितो, तिच्या घासाले कचरा म्हनून मी अंगठा काहून लावू, मनोहरभाऊ?” चाळीस वर्षे सरकारी कागद लिहिलेल्या लेखनिकाने तो रकाना होता तसाच ठेवला.

३. चार दिवस पिंप रिकामे राहिले. परवाना गेला तर अडतीस माणसांनी जेवावे कोठे, या काळजीने बाईंची झोप गेली. पाचव्या दिवशी दुपारी पंगत उठल्यावर त्यांनी मन घट्ट केले आणि उरलेल्या भाताचे पातेले उचलून त्या पिंपाशी गेल्या. भात चांगला होता, अजून वाफ येत होती. बाई पातेले धरून बराच वेळ उभ्या होत्या. समोरच्या पानठेल्यावरचे लोक पाहत होते. शेवटी त्या परत आल्या, भाताला फोडणी दिली आणि लेखनिकास एवढेच म्हणाल्या, “या भातानं कोनाचं काय बिघडवलं?” तो भात रात्री वाढला गेला.

४. मुदतीस एकच दिवस उरला, तेव्हा शेजारच्या एका हॉटेलमालकांना दया आली. (नाव लिहू नये अशी बाईंची ताकीद आहे.) त्यांच्याकडे कचऱ्यास तोटा नाही. त्यांनी दोन पाट्या भरून कचरा आणून दिला. बाईंच्या मनास ते पटत नव्हते, परंतु सर्व जेवणाऱ्यांनी गळ घातली, त्यात लेखनिकही होते. पिंप काठोकाठ भरले. निरीक्षकसाहेब आले, प्रथम प्रसन्न झाले, नंतर त्यांनी काठीने कचरा ढवळला. आत मटणाची हाडे निघाली. शाकाहारी परवान्यावर मांसाहार विकल्याबद्दल संदर्भ क्रमांक दोनची नोटीस आली. ज्या बाईंच्या घरात लसूणसुद्धा मोजून पडते, त्यांच्यावर हा आरोप आहे.

५. बाईंनी मग कोणाचेही ऐकले नाही. स्वतः चालत कचेरीत जाऊन त्यांनी निरीक्षकसाहेबांना खरे ते सांगितले, फक्त शेजाऱ्याचे नाव वगळून. साहेबांचा विश्वास बसेना. तेव्हा बाई म्हणाल्या, “पाहून राहिले तर बसून पाहा, साहेब. उभ्यानं दिसत नाई.”

दि. २८ फेब्रुवारीस आनंदराव सकाळी आठला येऊन स्वयंपाकघरात पाटावर बसले. नुसते बसलेला माणूस बाईंना पाहवत नाही. त्यांनी मेथीची जुडी साहेबांपुढे सरकविली. साहेबांनी निवडली, बरीचशी चुकीची. देठे पाटीत गेली, माती तुळशीत गेली, जुडीची दोरी खुंटीला गेली. एक वाजता साहेब जेवावयास बसले. अर्धी भाकरी टाकून उठू लागले, तेव्हा बाई त्यांच्या ताटासमोर येऊन उभ्या राहिल्या. साहेब पुन्हा खाली बसले. दोन वाजता गोपिकाबाई पाटी घेऊन गेल्या. स्वयंपाकघरात काहीच उरले नव्हते. आनंदरावांनी तसा अहवाल प्रामाणिकपणे लिहिला. परंतु रकाना सात निरंक असल्याने तो आपल्या कचेरीतील कारकुनाने परत केला.

६. एकतीस मार्चला जुना परवाना संपतो. एक एप्रिलपासून चूल पेटवावी की नाही, हे बाईंना कळत नाही. सबब विनंती की, रकाना सातमध्ये ‘निरंक’ लिहिण्यास मंजुरी मिळावी, हाडांची नोटीस मागे घ्यावी आणि दारातले पिंप गरजूस द्यावे. बाईंनी परका कचरा आपला म्हणून दाखविला, हा खोटेपणा त्यांना मान्य आहे. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती त्या भोगतील. मात्र ती स्वयंपाकाच्या वेळेत नसावी.

आपल्या निकालाची वाट पाहणारी,
प्रयागबाई शालिकराम भोयर (डाव्या हाताचा अंगठा)

नागपूर, दि. ९ मार्च १९७७

सोबत : दोन्ही नोटिसांच्या नकला; परत आलेला अहवाल; अडतीस जेवणाऱ्यांच्या सह्या. एकोणचाळिसावी सही श्री. आनंदराव ढोबळे यांची असून ती खाजगी नात्याने आहे.

अधिकाऱ्यांचा शेरा, दि. १४ मार्च : निरंक मंजूर. परवाना द्यावा. नोटीस रद्द. रकान्याखालची सूचना पुढील छपाईत काढावी. आपल्या कचेरीच्या उपाहारगृहाचे पिंप रोज दोनदा भरते. अर्जदार बाई एकदा येऊन तेथे उभ्या राहतील काय, असे त्यांना नम्रपणे विचारावे.