जरा चेंज केलंय

सुरत
दि. १८ फेब्रुवारी १९९६

आदरणीय आबांस,

विकीचा सविनय जयभीम. दोन वर्षं माझ्या पत्रात हा शब्द नव्हता, नुसता नमस्कार असायचा. तुमी कधी विचारलं न्हाय.

मी बरा हाय. सध्या दिवसपाळी लागलीय. आईचा गुडघा कसा हाय? आपल्या जळोचीची नवी पाण्याची टाकी भरायला लागली का?

करुणाचं पत्र कारखान्याच्या पत्त्यावर आलं. ३ मार्चला तिचं लग्न हाय, अन् मला पाठवलेली पत्रिका शेरा मारून घरी परत आली, असं लिहिलंय. "आबा म्हणतात, पोस्टाची चूक."

पोस्टाची चूक न्हाय, आबा.

मागच्या जयंतीला घरी आलो, तेव्हा म्हणालो की पाकिटावर नुसतं विकी लिहा. तुमी म्हणालात, "का रं? बापाचं नाव जड झालं व्हय?" मी हसलो. म्हणालो, "तितं जरा चेंज केलंय."

"चेंज म्हंजी काय केलं?"

"खोली चेंज केली."

इथं मागावर दिवसभर तेच चालतं. बीम चेंज, पाळी चेंज. तो शब्द वापरला की आपण काही केलंय असं वाटतच न्हाय. मराठीत सांगायला जीभ रेटली न्हाय.

खोली तीच हाय. मालकीण द्वारकाबाई खानदेशची. पहिल्याच दिवशी तिनं आडनाव विचारलं, अन् मी पाटील सांगितलं. तेव्हापासनं ती मला स्वयंपाकघरात बसवून जेवू घालते.

पत्रिकेचं तुमचं पाकीट पूर्ण नाव घालून आलं तेव्हा तीच दारात होती. मोठ्यानं वाचलं, "आयु. विकी भानुदास अहिवळे. हे आयु. तर जयभीमवाले लिहितात. कोण रे हा?"

मी म्हणालो, "कुणास ठाऊक."

पोस्टमन गुजराती. म्हणाला, पाकीट परत महाराष्ट्रात जाणार, मराठीत तूच लिही. त्याचा पेन घेऊन मीच लिहिलं, असा इसम इथे राहत नाही.

पाटीवर माझा हात धरून तुमी मला 'ह' शिकवलात. त्याची शेपटी मी अजून वाकडीच काढतो. तुमी ते अक्षर ओळखलं असणार. ओळखलंत, अन् तरी घरात पोस्टाचं नाव घेतलंत. करुणाचं पत्र वाचल्यापासनं हेच डोक्यात हाय.

ते चेंज न्हवतं, आबा. तुमी दारात आलात अन् मी तुमाला वळखलं न्हाय.

आज सुट्टी. सकाळी द्वारकाबाईला खरं सांगितलं. दुपारी माझं ताट बाहेर ओट्यावर ठेवलं होतं. मला तिचा राग आला न्हाय. कुठल्या तोंडानं येणार? महिनाअखेर खोली सोडतो.

करुणाच्या लग्नाला यावं का, ते तुमी सांगा. आलो तर मांडवात मागं उभा राहीन, पाणी वाढीन. माझ्याशी बोलला न्हाय तरी चालंल. फक्त ती पत्रिका मी खोली सोडायच्या आत याच पत्त्यावर पुन्हा पाठवा. पाकिटावर तेच पूर्ण नाव घाला. मी दारात उभा राहून घेईन.

तुमचा,
विकी भानुदास अहिवळे

असा इसम इथे राहतो.