मिंगेलच्या बारमधला आरसा

गुरु., ६ फेब्रु.
मरोळ. मिंगेलच्या बारमध्ये, सावंतबरोबर. दुरुस्तीनंतर आज उघडला. फरशी नवी, पंखे मुद्दाम जुने ठेवलेत. बाकांना पॉलिशचा एक हात जास्त झालाय. बोंबील कुरकुरीत, पण रवा जाड. थोरला मिंगेल असता तर ताट परत पाठवलं असतं त्याने. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. आता गल्ल्यावर मुलगा, लेस्टर.

टेबलावर छापील कार्ड. ‘आमच्या बारची गोष्ट’. त्यात : भिंतीवरचा सोनेरी अक्षरांचा आरसा ब्रिटिश काळातला, कलावंत अज्ञात.

अज्ञात! आरसा मी केलाय. रूपाली झाली त्या वर्षी, याच बारच्या मागच्या पडवीत, चार दिवस. पाठीमागून पारा खरवडायचा, अक्षरं उलटी काढायची, वर्ख चढवायचा, मग काळी सावली. गुरू कुणी नाही. रस्त्यावरचे बोर्ड बघत बघत शिकलो. हे सगळ्या घाटकोपरला माहीत आहे.

सावंतला कार्ड दाखवलं. हसून ठसका लागला त्याला. “मेल्या पेंटरा, ब्रिटिशांच्या काळात टाकल्यान तुका!”
मला हसू आलं नाही. लेस्टर लांबून बघत होता. चूक की मुद्दाम?

शनि., ८ फेब्रु.
दुपारी एकटाच गेलो. बार रिकामा. भिंग नेलं होतं. अक्षरांची वळणं माझी. सावली डावीकडे, माझीच सवय. खालच्या द्राक्षांच्या घडात एक द्राक्ष कमी, ब्रश घसरला होता तेव्हा. शंकाच नाही.

लेस्टरला सरळ सांगितलं. तो म्हणाला, “अंकल, डॅडी नेहमी बोलायचे, आरसा आजोबांच्या टायमाचा. डॅडी खोटं कशाला बोलतील?”
म्हटलं, फ्रेम उघड. मागच्या फळीवर पेन्सिलने माझं नाव आहे. प्रत्येक कामाच्या पाठीवर लिहायचो.
“नको अंकल. फुटला तर?”

फुटेल म्हणे. चार स्क्रू आहेत, काय फुटायचंय? याला ठाऊक आहे. जुना आरसा म्हटलं की गिऱ्हाईक येतं. पेंटर अजून जिवंत आहे, समोर बसून क्वार्टर पितोय म्हटलं की काय उरलं?

रवि., ९ फेब्रु.
संशय खरा. आज बारमध्ये जुनं मरोळ दाखवायला आणलेली वीसेक माणसं. बरोबर एक मुलगी, गळ्यात माईक. आरशापाशी थांबून म्हणाली, हा हात शिकलेल्या माणसाचा आहे, बहुधा परदेशात तयार झालेला.
मी मागून म्हटलं, “परदेशी नव्हे, घाटकोपरचा.”
सगळे हसले. एकाने माझा फोटो काढला. त्यांना वाटलं, पिऊन बोलतोय. सोडा होता नुसता.

लेस्टर नजर चुकवत होता. नक्की चुकवत होता.

मंगळ., ११ फेब्रु.
पुरावा पाहिजे. माळा उतरवला. सौ. : “त्या अडगळीत काय सापडणार आहे? झुरळं.”

सापडला. आरशाचा खाका. अक्षरं आधी कागदावर काढून टाचणीने भोकं पाडायची, वरून कोळशाची पुरचुंडी आपटायची, खाली काचेवर ठिपके उमटतात. तो कागद. पिवळा पडलाय, पण शाबूत. जमिनीवर पसरला. म्हटलं, लेस्टर, आता बोल.

मग ती रेघ दिसली. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून द्राक्षांपर्यंत, वाकडीतिकडी, बारीक पेन्सिलची. माझ्याच हातची.
डिझाईनमध्ये अशी रेघ कशाला काढीन मी?

सौ. चहा ठेवून गेली, तो गार झाला.

तडा आहे तो.

बुध., १२ फेब्रु.
आठवतंय ते लिहितो. पडवीत एक फुटका आरसा भिंतीला टेकवलेला होता. नाताळच्या गर्दीत कुणाचा तरी कोपर लागून फुटला होता. मिंगेल म्हणाला, “पेंटर, अगदी असाच पाहिजे. गिऱ्हाइकाला कळता कामा नये, घरातपण नको कळायला. बापाची आठवण आहे.” मी त्यावर कागद चिकटवला आणि दिसेल ते सगळं उतरवलं. तडासुद्धा. तपशील सोडत नाही मी.

म्हणजे वळणं माझी नव्हेत. डावीकडची सावलीही नव्हे. ती सवय मला त्या आरशापासूनच लागली असेल. पुढे अर्ध्या घाटकोपरचे बोर्ड मी तशाच सावलीने रंगवले.
आणि ते द्राक्ष? खाक्यात बघितलं. तिथेही एक कमी.

मग ब्रश घसरला होता, हे मला कुठून आठवतंय?

रूपाली लहान असताना तिला खांद्यावर घेऊन दारातून दाखवलाय हा आरसा. बघ, बाबांनी मनाने काढलेला.
लेस्टर खोटं बोलत नाही. त्याला बापाने सांगितलंच नाही. मग खोटं कोण बोलतंय?

गुरु., १३ फेब्रु.
बारमध्ये गेलो, कारण न जाणं संशयास्पद दिसलं असतं. सावंतला काही सांगितलं नाही.
लेस्टर स्वतःहून टेबलाशी आला. “अंकल, पुढच्या गुरुवारी फ्रेम उघडू या. तुमचं नाव निघालं तर कार्ड बदलतो, तुमचा फोटो छापतो. प्रॉमिस.” सावंतने माझ्या पाठीत धपाटा घातला.

नाव निघणार. प्रश्न तो नाही. नावाखाली आणखी काय आहे, तो आहे. ‘जुन्यावरून’ असं लिहायची पद्धत होती आमच्यात, नक्कल असेल तर. लिहिलं होतं का? तेव्हा मी पंचविशीचा, गुर्मी भारी. लिहिलं असेल तर संपलं. नसेल लिहिलं, तर त्याहून वाईट.

गुरु., २० फेब्रु.
खाका पिशवीत घेतला. काढला. परत घेतला.

दुपारी तीन. लेस्टर, त्याची बायको, ती माईकवाली मुलगी, सावंत. आरसा उतरवून टेबलावर पालथा घातला. लेस्टरने तीन स्क्रू काढले. चौथा माझ्यासाठी ठेवला. “अंकल, मान तुमचा.” स्क्रूड्रायव्हर हातात दिला.

टेकवला. थोडा फिरवला. फिरत होता.
म्हटलं, “गंजलाय. जोर लावला तर काच जाईल.”
लेस्टर लगेच म्हणाला, “नको नको अंकल. तेल सोडून ठेवतो, पुढच्या आठवड्यात बघू.” तिन्ही स्क्रू परत बसवून आरसा वर चढवला. माझ्या बाजूने बोलला पोरगा. मी त्याच्यावर काय काय संशय घेतले!

आरसा वर चढायच्या आधी सावंत वाकून चौथ्या स्क्रूकडे बघत होता. मग माझ्याकडे बघितलं. मग पिशवीतून वर आलेल्या पिवळ्या कागदाकडे. एवढंच म्हणाला, “चल रे, बोंबील थंड होतत.”

बोंबील संपवून सावंत मेट्रोच्या जिन्यापर्यंत बरोबर आला.
तीस वर्षं फिटर होता तो. गंज त्याला लांबून कळतो.