बोअरच्या पाण्यातला कोट

सर, तुम्ही गेल्यानंतर तुमचं नाव आता आपल्या प्रयोगशाळेच्या दारावर लागणार आहे. रविवारी सकाळी फीत कापतील, आणि तुमच्याबद्दल बोलायला त्यांनी मला बोलावलं आहे. कामगारांच्या सभांमध्ये मी कशी बोलते ते त्यांनी ऐकलं असावं. जुनी विद्यार्थिनी आपल्या गुरूबद्दल गोडच बोलेल, अशी त्यांची समजूत दिसते. मी लगेच हो म्हटलं. इतक्या आनंदाने मी कुणाला हो म्हटल्याचं आठवत नाही.

कामाच्या कपड्यांचं कापड कसं छळायचं ते मी तुमच्याकडेच शिकले. घासून भोक पाडायचं, दोन जबड्यांत धरून फाडायचं, आणि फाउंड्रीतल्या कोटाचं असेल तर पट्टी उभी टांगून खालून ज्योत लावायची. ज्योत काढली की कापड आपलं आपण विझलं पाहिजे. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला धागे मोजायचं घडीचं भिंग दिलंत, पितळी, तुमचं स्वतःचं. "डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, यावर ठेवायचा," म्हणालात. त्या दिवशी तुमच्यासाठी मी कुणाशीही भांडले असते.

मग ती बाई आली. मला ती अजून दारात दिसते. आनेकलहून बस बदलत आलेली, छातीशी कापडी पिशवी. फाउंड्रीत तिच्या नवऱ्याच्या अंगावर वितळलेलं लोखंड उडालं, कोटाने पेट घेतला आणि उजवा हात गेला. कंपनीचं म्हणणं, कोट पास झालेला आहे, माणूसच बेसावध होता. तो कोट पास केला होता आपण. ती पिशवीतून कोटाची दुसरी, न जळलेली बाही काढते आणि कन्नडमध्ये म्हणते, "अण्णा, हे जाळून बघा. आणि जळतं असं लिहून द्या." तुम्ही बाहीला हातही लावत नाही. "अम्मा, नमुना कंपनीने पाठवायचा असतो. वापरलेलं, धुतलेलं कापड आम्ही घेत नाही." "मग काय धुवायचाच नव्हता?" ती विचारते. "तेलाने काळा होऊन यायचा. बोअरच्या पाण्यात साबण फासून दगडावर घासायचे मी. दुसरं पाणी कुठून आणू?"

मी मध्ये बोलले. म्हटलं, सर, आपण क्षार काढून मऊ केलेल्या पाण्यात धुऊन तपासलं. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर कापडात बसत जातो, आणि तो थरच पेट घेतो. एक पट्टी लावून बघू या. तुम्ही चष्मा काढलात. "भाषण बाहेर जाऊन कर. इथे नियमाने काम चालतं." सगळे हसले. तिने बाहीची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली. तुम्ही तिला चहा पाजलात, तेवढं मात्र मी रविवारी सांगेन. त्याच महिन्यात मी नोकरी सोडली आणि तुमचं ऐकलं. तेव्हापासून बाहेरच भाषण करते आहे, कारखान्यांच्या दारांत, कोट आधी घरच्या पाण्यात धुवा आणि मग तपासा, असं ओरडून सांगत.

तुम्हाला ठाऊक नव्हतं, अशी पळवाट मी ठेवणार नाही. त्याच्या काही महिने आधीची गोष्ट. येलहंक्याला तुमच्या घरी स्वयंपाकघरात काकू मला थालीपीठ वाढताहेत आणि तुम्ही हातात शर्ट घेऊन येता. "पुन्हा बोअरच्या पाण्यात बुडवलास? बघ, पुठ्ठा झालाय नुसता." "नळाला पाणी नव्हतं," काकू म्हणतात, "मग काय, कावेरी उचलून आणू?" मीही तेव्हा हसले. पुढे तुमचे शर्ट नळाला पाणी येईपर्यंत थांबायचे. सर, तुमच्या शर्टाला जे पाणी चालत नव्हतं, ते त्या कोटाला चालेल असं तुम्ही सही करून सांगितलंत. रविवारी हे वाक्य मी सावकाश म्हणणार आहे, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं.

काल काकूंचा फोन आला. "पहिल्या रांगेत बसणार आहे गं मी. स्वल्प, जरा चांगलं बोल. तुझा विषय काढायचे ते." काय म्हणायचे, मी विचारलं. "म्हणायचे, भांडखोर आहे, पण बरोबर भांडते." म्हणजे घरात कबूल होतं! त्या बाईसमोर का नव्हतं? माझा राग दुप्पट झाला. म्हटलं, "काकू, जे झालं ते मी बोलणार." "सरी, बरं तर," त्या म्हणाल्या, "मग माइक जवळ धर. मला हल्ली ऐकू कमी येतं."

भाषण लिहून झालं आहे. एकतर्फी वाटू नये म्हणून त्यात तुमची बाजूही लिहिली होती. जो तो आपापल्या विहिरीचं पाणी घेऊन आला तर दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळायचे नाहीत, आणि निकाल जुळले नाहीत की पहिला फायदा कंपनीच उठवील. सगळ्यांना एकच पाणी, हेच गरिबाचं संरक्षण. उत्तर माझ्याकडे आहे: दोन्ही पाण्यांत तपासा. पण मोठ्याने वाचून पाहिलं तेव्हा माझं उत्तर फिकं पडलं आणि तुमचा परिच्छेद घुमला. टाळी तुम्हाला पडली असती. म्हणून तो मी काढून टाकला आहे. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून एवढं तुम्हाला सांगते.