नमस्कार कापला त्याबद्दल

परतवाडा,
पोळ्यानंतरचा सोमवार

सन्माननीय जावईबापू योगेशराव यांसी,

परतवाड्याहून शालिकराम मास्तरचा सप्रेम नमस्कार. (हा शाईनं केलेला आहे, त्यामुळे पुण्यापर्यंत शाबूत पोचेल.) इकडे सर्व खुशाल. तुमच्या सासूबाईंची गुडघेदुखी आणि नळ, दोन्ही एक दिवसाआड येतात. चि. रागिणीला आशीर्वाद. लोणचं संपलं असेल तर तिनं कळवावं. संपलं नसेल तर का नाही संपलं, ते कळवावं.

आता तक्रार. शेतकऱ्यांनी प्रश्न विचारायचे आणि शेतकऱ्यांनीच उत्तरं द्यायची, असं संकेतस्थळ तुमच्या कंपनीनं काढलं. आषाढात मी त्यावर अंगणातल्या लिंबाविषयी प्रश्न टाकला. 'समस्त जाणकार मंडळींस सादर प्रणाम, घरची मंडळी खुशाल असतील अशी आशा आहे' अशी रीतसर सुरुवात होती. बटण दाबलं आणि प्रणाम गेला, मंडळी गेली, आशाही गेली. 'लिंबाच्या खोडातून डिंक येतो. काय करावे?' एवढंच उरलं. म्हणजे मी लोकांच्या देवघरात चपला घालून शिरलो आणि तिथूनच ओरडलो. तुम्ही फोनवर म्हणालात, 'बाबा, यंत्र अनावश्यक मजकूर आपोआप काढतं.' जावईबापू, मी आयुष्यभर शाळेत पत्रलेखन शिकवलं आणि मायन्यालाच अर्धे गुण दिले. अख्ख्या तालुक्यात माझे विद्यार्थी आहेत. त्यांनी ते वाचलं असेल.

असो. तुम्ही विचारलंत, स्थळाची प्रकृती खरी कशी आहे ते सांगा, कारण दसरा झाला की साहेब लोक बसून ते ठेवायचं की बंद करायचं हे ठरवणार. तुम्ही पाठवलेली मापं मी लावून पाहिली : प्रश्न किती येतात, त्यांतल्या कितींना उत्तर मिळतं, आणि विचारणारा किती उत्तरांना 'हेच बरोबर' म्हणून हिरवी खूण देतो. या मापांनी रोगी गेल्यात जमा आहे. प्रश्न धो धो, उत्तरं विरळ, आणि हिरवी खूण एकसुद्धा नाही.

प्रश्न इतके का, ते ऐका. आमच्या गल्लीमागं शकुनबाईंचा झेंडूचा मळा आहे. कपाशीनं दोन वर्षं दगा दिला म्हणून बाईनं यंदा सगळा भरवसा दसऱ्याच्या फुलांवर ठेवलेला. त्यांनी विचारलं, 'झेंडू मुळातून सडून राहिला, काय करू?' आता विचारणारी कोण, कुठली, हे कळल्याशिवाय आमच्याकडे कोणी तोंड उघडत नाही. (गेल्या काही वर्षांत इतक्या समित्या विचारपूस करून गेल्या, की प्रश्न विचारणारा दिसला की इकडचा माणूस आधी सतरंजी अंथरतो आणि मग खोटं बोलतो.) तेव्हा लोकांनी विचारलं, 'ताई, तुमी कोणत्या गावच्या?' 'माहेर कोन्तं?' 'दर्यापूरचे डोमाजी तुमचे कोण लागतेत?' आणि हे सगळं प्रत्येकानं नवा प्रश्न म्हणून टाकलं, कारण प्रश्नाचा चौकोन सगळ्यांत मोठा आहे. तुमच्या यंत्राला वाटलं, केवढा हा जिज्ञासू समाज!

उत्तराचंही तसंच. अकोल्याचे वाहेदभाई कलमांची नर्सरी चालवतात आणि वऱ्हाडातली सगळी झाडं आपल्याला विचारून वाढतात असं बोलतात. आपली खाला, म्हणजे मावशी, शकुनबाईंच्याच गल्लीत राहते हे कळताच त्यांनीही प्रश्नाच्याच चौकोनात लिहिलं, 'मंग आधी नाही सांगायचं? फोन लावा.' फोनवर त्यांनी बाईला वाफ्यातलं साचलेलं पाणी काढायला लावलं, औषध सांगितलं, वर झापलं. अर्धा मळा वाचला. स्थळावर मात्र त्या प्रश्नाखाली अजून 'उत्तर नाही' असं लाल अक्षरांत आहे.

राहिली हिरवी खूण. चार जणांनी वेळ काढून उत्तर दिलं असताना एकालाच बरोबर ठरवायचं आणि उरलेल्या तिघांना लग्नाच्या पत्रिका कोणत्या तोंडानं द्यायच्या? माझ्या लिंबाचंच घ्या. वामनरावांनी पालाश खतावर दीड पान लिहिलं. हे वामनराव म्हणजे आमचे शेजारी. मी स्थळ उघडतो ते त्यांच्याच कॉम्प्युटरवर, आणि तेव्हा ते बाजूच्या खुर्चीत चहा पीत असतात. दुसरं उत्तर वाहेदभाईंचं. 'मास्तर, मोरीचं पाणी खोडाले जाऊन राहिलं असन. झाड हाय का म्हशीचा हौद? डिंक खरवडा, बोर्डो पेस्ट लावा, पाणी दूर न्या.' ना नमस्कार, ना चमत्कार. अशा उद्धट माणसाला मी खूण देणार नाही, असं ठरवलं. (वामनराव फिरायला गेल्यावर मोरीचं पाणी वळवलं, पेस्टही लावली. झाडाला नवी पालवी आली आहे. वामनराव तिचं श्रेय पालाशला देतात. मी टाकलाच नव्हता.)

परवा शकुनबाईंनी फोन माझ्या हातात दिला, 'घ्या मास्तर, वाहेदभाई बोलून राहिले.' पहिलंच वाक्य आलं, 'काहून मास्तर, आमी सलाम लिवला, घरच्यायची खैरियत पुसली, तुमी मायन्यातच नमस्कार नाही केला तरी! मास्तर लोकायले शोभते का हे?'

दोन महिने दोन वयस्कर माणसं एकमेकांना असभ्य समजत होती आणि मध्ये तुमचं यंत्र कात्री घेऊन उभं होतं.

तेव्हा तुमच्या मापांनुसार माझा अहवाल असा, की स्थळात जीव नाही, बंद करायला हरकत नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि यंत्राला काहीही नाही.

आपला सासरा,
शालिकराम

ता. क. वरचा अहवाल साहेबांना दाखवू नका. शकुनबाईंनी पुढच्या हंगामाला शेवंती लावायचं ठरवलंय, आणि शेवंतीतलं कोणाला कळतं हे त्यांना अजून स्थळावरच शोधायचंय. वाहेदभाईंना कळत नाही. (तसं ते कबूल करणार नाहीत.) फोन करायला आधी माणूस सापडावा लागतो, तो सापडतो तिथं. साहेबांना म्हणावं, फोन मोजा. मोजता येत नसतील तर थांबा.

ता. क. दुसरा. दिवाळीला याल तेव्हा ती कात्री तेवढी काढून या.

ता. क. तिसरा. आज वामनराव बाजारात गेले होते. वाहेदभाईंच्या उत्तराला हिरवी खूण दिली. स्थळावरची पहिलीच असावी. खाली लिहिलं, 'वालेकुम सलाम वाहेदभाई, उशीर झाला.' यंत्रानं कापलं. खूण आहे.