निरोपाचा बोकड

२ मार्च २०२५, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, आणि मी आता जवळजवळ अमेरिकनच. ग्रीन कार्ड आहेच. पाच वर्षं तिथं राहिलं की सिटीझनशिपचा अर्ज करता येतो. माझी आणि बायकोची, मालनबाईची, यंदा एकदमच भरतात. फक्त मधे सलग सहा महिने देशाबाहेर राहायचं नाही. मी जानेवारीत गावी, डोंगरकड्याला आलो ते घराचे पत्रे बदलायला, पंधरा दिवसांसाठी. पत्रे कधीच बदलून झाले. पण जुलैपर्यंत भरपूर टाइम आहे. रहिवासाचे नियम मला कुणी शिकवू नयेत. जन्मभर ग्रामसेवकी केली, लोकांना रहिवासी दाखले मीच दिले.

९ मार्च
भावकीत निरोपाची जेवणं सुरू झाली. लांब जाणाऱ्याला घराघरानं जेवू घालायचं आणि टॉवेल-टोपी द्यायची, ही आपली रीत. एका घरी जेवून दुसऱ्या घराला नाही म्हणता येत नाही. मोठा चुलतभाऊ शेषराव म्हणाला, शेवटचं जेवण माझ्याकडं, तुझ्यासाठी बोकड राखलाय. बोकड पाहून आलो. अजून आईला पितो.
तिकीट पुढं ढकललं. मोठ्या भावाचा मान आहे.

२१ एप्रिल
न्यू जर्सीहून मुलाचा, आयुषचा फोन. तिकीट काढू का म्हणाला. एक काम बाकी आहे म्हणालो. कुठलं, म्हणाला. बोकड मोठा व्हायचाय, म्हणालो. फोन कट झाला. तिकडं नेटवर्कचा फार प्रॉब्लेम.
संकल्प: सिटीझनशिपच्या परीक्षेसाठी रोज दहा इंग्रजी वाक्यं. आज दोन. ऊन फार आहे.

१४ मे
मालनबाईनं स्वतः फोन लावला. लायब्ररीत इंग्रजीच्या क्लासला जाते म्हणे. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, “शपथ घेताना हात वर करावा लागते म्हणं. मला एकटीला लाज वाटंल. तुमी शेजारी पायजेत.”
माझ्याशिवाय तिला तिथं रस्ता ओलांडता येत नाही. पुढच्या आठवड्यात निघायचंच. फायनल.

२० मे
शेषरावला सांगितलं. तो बोकडाला पाला घालत होता. मान वर न करता म्हणाला, “जाय ना. आमच्या घरचं तू आता काहून खाशील?”
रात्रभर झोप नाही. थांबलो.

८ जुलै
बोकडाला हगवण लागली. अर्धा झालाय. उद्याचं तिकीट काढलं होतं, ते कॅन्सल.
घाबरायचं कारण नाही. रहिवास म्हणजे काय? माझी चप्पल, स्वेटर, कवळी ठेवायचा ग्लास, सगळं न्यू जर्सीत पलंगाखाली आहे. चप्पल ठेवून गेलेला माणूस गेला असं म्हणत नाहीत. शिवाय पंचायतीत जाऊन सध्याच्या ग्रामसेविकेला, सपनाला, दाखला मागितला, की सदर इसम गावात केवळ तात्पुरता राहतो.
ती म्हणाली, “काका, तुमी तर रोज सकाळी इथंच पेपर वाचून राहिले.”
दाखला दिला नाही. चहा दिला.

१५ जुलै
आयुषचा फोन. पप्पा, तुमचे सहा महिने उलटले, आता परत आल्यावर मोजणी पहिल्यापासून. मी चपलेचा मुद्दा काढला. तो म्हणाला, ती आईनं कधीच डोनेशनमध्ये दिली. स्वेटरसुद्धा.
मालनबाईचा अर्ज एकटीचा गेला. ठीक आहे. तेवढाच तिला सराव. मग माझा भरून घेईल.

६ नोव्हेंबर
मालनबाई इंटरव्ह्यू पास झाली. दुभाषी कोण होता विचारलं. कुणीच नव्हता. ऑफिसला गेली कशी? आता गाडी चालवते म्हणे.
आयुषनं निर्वाणीचं सांगितलं की वर्ष उलटलं तर पुन्हा आत यायला ग्रीन कार्डही चालणार नाही, दहा जानेवारीच्या आत या. येतोच. इथं तरी कुठं तोंड दाखवायची सोय आहे? सगळ्यांचे टॉवेल घेऊन बसलोय. दिसलो की विचारतात, तुमी हायेतच व्हय अजून? हल्ली केळीच्या बागांमागून फिरायला जातो. आज बांधावर बसून रडलो. धूळ फार उडते तिकडं.

४ जानेवारी २०२६
उद्या हैदराबादहून विमान. आयुषनंच तिकीट काढलं. टॉवेलांमुळं बॅग लागत नव्हती, इंग्रजीचं पुस्तक काढून ठेवलं.
गाडीत बसायच्या आधी शेषरावच्या पाया पडायला गेलो. बोकड आता चांगला भरलाय. त्यानं दावं माझ्या हातात दिलं. म्हणाला, तूर निघू दे, रविवारी कापतो. तोंडातून हो गेलं.
गाडी परत पाठवली. इथं मला जाऊ नको म्हणणारं अख्खं गाव आहे. तिथं मला कुणी निरोपसुद्धा देत नाही, कारण मी आलोय हेच कुणाला माहीत नसतं.
हे वाक्य उद्या खोडायचं.

२१ जानेवारी
काल मालनबाईची शपथ झाली. आज शेषरावनं बोकड कापला. आमची भावजय अमेरिकेची झाली म्हणून. सगळी भावकी जेवायला. रस्सा झणझणीत झाला होता. मला घास उतरला नाही.
निघताना टॉवेल-टोपीची वाट पाहत ओसरीवर थांबलो. शेषराव म्हणाला, “तू कुठं चालला आता?”
मग मालनबाईचा फोटो सगळ्यांना दाखवला. मोठा हॉल, हात वर केलेला, मान ताठ. लाजलेली कुठंच दिसली नाही. शेजारची खुर्ची रिकामी, खुर्चीवर पर्स. मी म्हणालो, बघा, माझी जागा धरून ठेवलीय तिनं. सगळ्यांनी पाहिलं. सपनानं फोटो मोठा करून पाहिला.
घरी आल्यावर आयुषला फोन करून खात्री केली. म्हणाला, ती पर्स शेजारच्या बाईची.
मालनबाईनं जन्मात कधी पर्स वापरली नाही. कनवटीला रुमाल असतो तिच्या. एवढं मला माहीत होतं.