साडूभाऊ, मी शिंकलो

बऱ्हाणपूर, रविवार

आदरणीय यादवराव साडूभाऊ यांस चुडामणचा नमस्कार,

रावेरला ऊन कसं आहे, केळी कशी आहे आणि तुमची तब्येत कशी आहे, हे याच क्रमाने विचारतो. कारण फोनवर तिसऱ्या प्रश्नाआधी तुम्ही फोन उषाताईंच्या हातात देता. म्हणून पत्र.

माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन छान झालं. पण नंतर नळाचा वायसर गेल्यासारखी अवस्था झाली (तुमच्यापासून काय लपवायचं). शिंकलो, खोकलो, हसलो की पायजमा ओला. तीन महिने मी घराबाहेर पडलो नाही. मावा जिलबीसुद्धा घरी मागवून खाल्ली. लोकांना वाटलं, शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तर गंभीर झाले.

शेवटी डॉक्टरांनी पिलाटीसच्या वर्गाला पाठवलं. चटईवर पडून, श्वासाच्या तालावर पोटाचे आणि ओटीपोटाखालचे स्नायू बळकट करायचे. वर्गात सात बायका आणि मी. शिकवणारी गायत्री, जिला मी सातवीत भूमितीपायी बाकावर उभं केलं होतं (तिने तो विषय काढला नाही, फक्त माझे दोन्ही पाय हवेत धरायला लावले). लघवी अडवल्यासारखं आतून वर ओढा, असं तिने सगळ्यांदेखत शांतपणे सांगितलं. मी जीव खाऊन ओढू लागलो. ती जवळ आली.

"सर, नीचे से खेचायचं. भुवयांनी नाही."

बायका हसल्या, मीही हसलो, आणि व्हायचं तेच झालं. मी चटईवरून उठेना. शेजारच्या रुख्मिणीबाईंनी आपला टॉवेल माझ्याकडे सरकवला.

"दुसऱ्या बाळंतपणापासून माझंही हेच आहे, मास्तर," त्या हळूच म्हणाल्या. "इथे निम्म्या जणी त्याच्यासाठीच येतात."

तीन महिन्यांत मला पहिल्यांदा बरं वाटलं, ते त्या ओल्या पायजम्यात.

आता दहा आठवडे झाले. कंबर धरत नाही, भरलेलं सिलिंडर एकटा सरकवतो. परवा तुमच्या मेहुणीने, मंगलाने, मिरचीची फोडणी दिली आणि मी लागोपाठ तीनदा शिंकलो. तसाच उभा राहिलो. ती धावत आली, काय झालं म्हणाली. मी म्हणालो, "काहीच झालं नाही." आणि डोळ्यांत पाणी आलं (फोडणीमुळे).

आपला,
चुडामण

ता.क. केळीच्या कटाईचं निमित्त करून तुम्ही तुमच्या याच ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकललीत, हे कळलं. डॉक्टरांना केळीचं सांगू नका, भीती वाटते असं सांगा. मी तेच सांगितलं होतं.

पुन्हा ता.क. नवी तारीख उषाताईंनी घेतली आहे, येत्या दहा तारखेची. गाडीही ठरली. माझ्याकडे फक्त तुमचं मन वळवायचं काम होतं, आणि हे पत्र मी आपणहून लिहितोय असं वाटलं पाहिजे, असं मंगला मागे उभी राहून सांगते आहे.