द्रौपदाकाकूची सही

प्रिय काकू,

तुला जाऊन दोन महिने झाले. पत्र लिहिण्याचं मनात नव्हतं, पण काल वकिलीणबाईंकडं हळदीकुंकवाला गेले आणि डोकंच फिरलं. त्या सगळ्यांना सांगत होत्या, स्वराज्याच्या प्रतिज्ञेवर आपल्या पेठेतली पहिली सही 'ह्यांची'! पहिली? अगं, वकीलसाहेबांची सही तर समासात, उभी! ती तिथं का गेली, हे तुझ्यामाझ्याशिवाय कोण सांगणार?

प्रतिज्ञेचा कागद देवळात येणार म्हटल्यावर काका म्हणाले होते, "तू अंगठा दे, चालतंय." भाकरी थापता थापता तू थांबलीस. "अंगठा कुणाचा बी सारकाच दिसतोय की. मी माझं नाव लिवणार."

हातात आठच दिवस. परातीत ज्वारीचं पीठ पसरून मी बोटानं अक्षर काढायचे, तू गिरवायचीस. 'द्रौ'पाशी गाडं अडायचं. "माझ्या बापाला कमल नाव ठेवायला काय झालतं गं?" म्हणत तू पीठ सपाट करायचीस. किती हसलो आपण! भाकरी मात्र वेळेत व्हायची नाही; त्या आठवड्यात काका भोंगा ऐकून अर्धपोटीच मिलकडं पळायचे.

देवळात तू सगळ्यांच्या आधी पुढं झालीस. पिठात लिहायची सवय, त्यामुळं अक्षरं लिंबाएवढी! मागं, रांगेच्या शेवटी, वकीलसाहेब ताटकळलेले. "बाई, जरा लहान काढा."

"मला एवढंच मोठं येतंय," तू म्हणालीस. उरलेल्या जागेत बाकीच्यांच्या सह्या दाटीवाटीनं बसल्या. वकीलसाहेबांना राहिला समास.

उन्हाळ्यात लष्करी कायदा आला, कागद फौजदाराच्या हाती लागला, तेव्हा हसू पळालं. पुरुषांच्या सह्या म्हणजे नुसता गुंता. वाचता येणारं नाव एकच! शिपाई दारात येऊन म्हणाला, "द्रौपदाबाई कोण?" काका पांढरेफटक. आणि तू? पदराला हात पुसत, "मीच की! वाचता आलं न्हवं?"

चौकीत मी तुझ्याबरोबर होते. फौजदारानं कागद पुढं सरकवला. "बाकीची नावं सांग, नाहीतर आत टाकतो." काकांची सही तुझ्या नावाखालीच होती.

तू कागद जवळ धरलास, लांब धरलास. "सायेब, मला माझंच नाव वाचता येतंय. दुसरं काय शिकलेच न्हाय."

त्याला खरं वाटेना. भिंतीवरच्या पाटीकडं बोट करून म्हणाला, "ते वाच." तू नीट निरखलंस. "ह्यात द्रौ न्हाय की वो!"

शिपाई फिसकन हसला. फौजदारानं कपाळाला हात लावून तुला घरी धाडलं. पेठ वाचली. लबाड! सह्या करताना एकेकाला तू डोळ्यांनी बघितलं होतंस ना?

एक बोलायचं राहून गेलं, काकू. त्या कागदावर माझी सही नाही. ठरलेलं लग्न मोडेल या भीतीनं मी नुसती दौत धरून उभी राहिले. तुला ते कळलं होतं. मग मला झापलं का नाहीस गं? दोन शब्द बोलायचे होतेस!

आता ऐक. पुन्हा असा कागद आला की मी सही करणार. सासरी काहीही म्हणोत. पूर्ण नाव, आडनावासकट, फौजदाराला चष्म्याशिवाय वाचता येईल असं.

तुझीच पुतणी,
शांता